चौथ्या मजल्यावरची साखर

"मॅडम, तुम्ही स्वतः शेवटचं चोरून कधी खाल्लंत?"

आम्रपाली भालेरावने हा प्रश्न विचारला तेव्हा कोथरूडच्या त्या शाळेच्या सभागृहात पंखे सोडून बाकी सगळं थांबलं. खरं म्हणजे प्रश्न तिचा नव्हताच. वल्लरी आणि ऋतुजा या तिच्या दोन मैत्रिणींनी तो मिळून शिजवला होता, वर 'दम असेल तर विचार' अशी फोडणी घातली होती, आणि वाढला मात्र तिच्या पानात. मागच्या वर्षीची आम्रपाली असती तर तिने बाकाखाली पेन पाडलं असतं आणि भाषण संपेपर्यंत ते शोधलं असतं. पण यंदा नववीत वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्यापासून तिच्या आवाजाला धार आली होती. (उत्तेजनार्थ म्हणजे चौथं, असं ऋतुजा म्हणायची. ऋतुजाला कुठलंच मिळालं नव्हतं, त्यामुळे तिचं म्हणणं कोणी मनावर घेत नसे.)

व्यासपीठावर डॉ. उत्कर्षा रणदिवे होत्या. मानसशास्त्रज्ञ. माणसाला कळतं पण वळत नाही, ते नेमकं कुठे अडतं, यावर त्यांचं संशोधन. मुख्याध्यापिकाबाईंनी ओळख करून देताना 'प्रेरणा, आत्मसंयम आणि आरोग्यविषयक वर्तन' असे शब्द काढले होते आणि मागच्या रांगा डुलक्यांच्या तयारीला लागल्या होत्या. आता त्या सगळ्या ताठ बसल्या. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा मात्र पाहुण्यासमोर घरचं मूल नको ते बोललं की आईचा होतो तसा झाला.

"आज सकाळी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गेटासमोर सामोसा मिळतो ना, तो. आणि चोरून कशाला? चांगली रिक्षा थांबवून खाल्ला. आत्मसंयमावर बोलायला येताना."

सभागृहात हशा उसळला. हसू ओसरल्यावर मॅडम पुढे आल्या आणि थेट आम्रपालीकडे बघून बोलायला लागल्या.

"पण प्रश्न चांगला आहे हं. खरं उत्तर सांगू? मी घरी सामोसे आणत नाही. आणले तर संपवते. आम्ही काय करतो, लोकांना दिवसातून मधूनच फोनवर विचारतो, 'आत्ता कसला मोह होतोय? त्याच्याशी झगडताय का?' आम्हाला वाटलं होतं, जी माणसं निग्रही, ती सगळ्यात जास्त झगडत असणार. निघालं उलटंच! ती झगडतच नाहीत. त्यांनी आपली वाटच अशी आखलेली असते की मोहाची गाठ पडत नाही. ते काही लढाई जिंकणारे वीर नव्हेत. लढाईच्या गावालाच न जाणारी शहाणी माणसं."

आम्रपालीला वाटलं, आपल्या डोक्यावरचा स्लॅब कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला आणि वर हे एवढं आभाळ! आजवर तिची समजूत अशी होती की काही माणसं जन्मतःच कणखर असतात, जशी तिची आई, आणि काही जन्मतःच ढिली असतात, जशी ती स्वतः. आई झोपताना फोन हॉलमध्ये ठेवून येते. याला घरात 'आईची शिस्त' म्हणत. अरे, ती शिस्त नव्हतीच! ती आखणी होती! म्हणजे ही गोष्ट शिकता येते?

मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली. 'मी व्यायाम करीन' म्हणणारा करत नाही. 'जेव्हा दात घासून होतील, तेव्हा मी बूट घालीन' म्हणणारा करतो. जेव्हा आणि तेव्हा. एवढ्याशा दोन शब्दांत माणूस हलतो! आम्रपालीच्या अंगावर काटा आला. मॅडमनी एक तिसरीही गोष्ट सांगितली, पण ती तिने ऐकली नाही, कारण तोवर ती मनाने घरी पोचली होती आणि तिथे आजोबा चहात साखर ढवळत होते.

कार्यक्रम संपल्यावर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "आमच्या संस्थेत तीन महिन्यांनी शाळेतल्या मुलांचा दिवस असतो. घरातली एखादी सवय घे, बदलून बघ आणि काय झालं ते सांगायला ये. येशील?"

येशील का म्हणे! आम्रपालीने मनातल्या मनात माइकची उंचीसुद्धा कमी-जास्त करून घेतली.

*

आजोबा म्हणजे कचरू भालेराव, पुण्याच्या बसचे निवृत्त तिकीट तपासनीस. घरात त्यांना आजोबा म्हणत, बाबा तेवढे अण्णा म्हणत. बसमध्ये लोक काय म्हणत ते ते घरात सांगत नसत. त्यांची साखर वाढली होती आणि फॅमिली डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं: तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, उतरली नाही तर इन्सुलिन.

"सुई मी लावून घेणार नाही," आजोबा म्हणाले होते.

घर हादरलं ते यामुळेच. कारण आजोबा कधी कोणाला नाही म्हणत नसत. गोळी घेतली का? हो. फिरायला जाणार का? हो. गोड बंद ना? हो हो. त्यांचं 'हो' म्हणजे गच्च भरलेल्या बसमधल्या कंडक्टरचं 'पुढे जागा आहे'. अशा माणसाने चक्क 'नाही' म्हणावं? बाबांनी समजावलं, आईने हिंजवडीच्या ऑफिसातून फोन करकरून समजावलं, आजीने तर बोलणंच टाकलं. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. सुईशिवाय भागलं नाही आणि सुई घेतली नाही, तर पुढे काय होतं ते डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. आम्रपालीने ते दाराआडून ऐकलं होतं. डोळे, मूत्रपिंड, पाय. त्या दिवसापासून आजोबा चपला घालायला लागले की तिचं लक्ष त्यांच्या पावलांकडे जाई.

आजीने, म्हणजे शालनबाईंनी, साखरेचा डबा लपवण्याचे सगळे उपाय करून झाले होते. तांदळाच्या पिंपात, शिलाई मशीनच्या खणात, गोधडीच्या घडीत. पण ज्या माणसाने जन्मभर नुसत्या चेहऱ्यावरून विनातिकीट प्रवासी ओळखला, त्याच्यापुढे डब्याची काय कथा? "सरळ जाऊन उभे राहतात," आजी म्हणायची. "जशी काय साखर घाबरून पुढे येते."

आम्रपालीने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि मॅडमचं शास्त्र ऐकवलं. लढायचं नाही. लपवणं हीसुद्धा लढाईच. साखर घराबाहेरच जाणार! चौथ्या मजल्यावर आनंदीबाईंकडे. आणि नियम असा: जेव्हा चहाची तल्लफ येईल, तेव्हा आजोबांनी रिकामी वाटी घेऊन पहिल्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर जिन्याने जायचं, एक चमचा साखर घ्यायची आणि जिन्याने खाली यायचं.

"म्हणजे एक तर कंटाळा येऊन चहाच सुटेल," ती म्हणाली, "नाहीतर चढण्यात साखर जिरेल. दोन्हीकडून आपणच जिंकणार!"

"अण्णा, जाल ना?" बाबांनी विचारलं.

"हो," आजोबा म्हणाले.

आनंदीबाई आणि संपततात्या हे नवराबायको सोसायटीच्या जागेचे मूळ मालक. ही सोसायटी उभी आहे ते त्यांचं ज्वारीचं रान. बिल्डरने रान घेतलं, फ्लॅट दिले. लिफ्टमध्ये शिरताना तात्या आजही सांगतात, "हितं आमची हीर व्हती." हीर म्हणजे विहीर, पण नवीन भाडेकरूंना वाटतं, तात्यांची कोणी बहीण वगैरे असेल.

"साखर ठिवते की," आनंदीबाई डबा घेत म्हणाल्या. "पण भालेरावांना म्हणावं, मेथ्या भिजत घाला."

"मेथ्यांनी काय हुतंय?" तात्या आतून म्हणाले. "कारलं! रोज कपभर रस. लई कडू हाय, पण साखर आपसूक पळती बघ. मला इचार."

साखर चौथ्या मजल्यावर गेली, ही बातमी साखरेच्या मागोमाग जिना उतरून सगळ्या सोसायटीत झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाई संध्याकाळी दारात हजर. "आमच्यावर विश्वास नाही वाटतं? आम्ही काय साखर खाऊन टाकली असती?" त्यांचा रुसवा काढायला श्रीखंडाचा डबा आणि जॅमची बरणी त्यांच्याकडे ठेवावी लागली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कुरकुर केली, म्हणून खारी आणि गूळ तिथे. आठवडाभरात आजोबांचे सगळे मोह मजल्यामजल्यांवर मार्गी लागले. भालेरावांच्या स्वयंपाकघरात उरलं ते मीठ, मिरची आणि आजीचा राग.

फक्त एक गोची झाली. पहिल्याच दिवशी आजोबा लिफ्टने वर गेले.

"आजोबा! जिना!"

"नियमात 'जिन्याने' होतं होय?" आजोबा म्हणाले. "ऐकू नाही आलं."

तेव्हा आम्रपालीने लिफ्टच्या दारावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: 'लिफ्ट चालू आहे. तुमचे पाय चालू आहेत का?' तिला तो फार आवडला. वल्लरीने फोटो बघून 'तू जीनियस आहेस यार' असं कळवलं. मात्र सोसायटीचे सेक्रेटरी जयसिंगकाका यांना तो आवडला नाही. सेक्रेटरी होण्याआधी ते माणूस होते असं बाबा म्हणतात, पण तो काळ आम्रपालीने पाहिलेला नाही.

"परवानगी?" त्यांनी विचारलं.

"काका, हा प्रयोग आहे. आरोग्याचा."

"आरोग्य उत्तमच असतं. कागद बेकायदा आहे. कमिटीकडे अर्ज करा, मासिक सभेत विषय येईल, मग बघू. आणि दुसरं. ज्येष्ठ नागरिक जिन्यात पडले तर जबाबदार कोण? सोसायटी नाही. तसं हमीपत्र लागेल. त्यावर पडणाऱ्याची सही."

"अजून कोणी पडलेलं नाही, काका."

"म्हणूनच आत्ता सही करता येईल," जयसिंगकाका म्हणाले. आजोबांनी सवयीने 'हो' म्हणून सही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी तिच्या कागदाशेजारी टाइप केलेला, शिक्का मारलेला कागद लागला: 'शेजारील सूचना सोसायटीची नाही. पाय ज्याचे त्याने सांभाळावेत.' त्याखाली कोणीतरी पेनने लिहिलं, 'आणि लिफ्ट कोणी सांभाळायची?' त्याखाली आणखी कोणीतरी पार्किंगचा विषय काढला. मग पाण्याचा. लिफ्टचं दार म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. प्रयोगातून उठलेलं हे वादळ बघून आम्रपाली थक्क झाली. विज्ञानाचा परिणाम इतका दूरवर होतो, याची तिला कल्पना नव्हती.

पण खरं थक्क केलं ते आजोबांनी.

आजोबा चढायला लागले! सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी तर कितीदा. हातात वाटी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चेहऱ्यावर जुन्या दिवसांतलं ते तेज, जेव्हा ते धावत्या बसला हात करत आणि बस थांबत असे. पहिल्यांदा धापा टाकत गेलेले आजोबा आता गुणगुणत जात. आधी दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून साखर आणायला निघायचे. आम्रपाली शाळेतून येऊन आजीला विचारी, "किती फेऱ्या झाल्या?" आजी म्हणे, "मी काय त्यांच्यामागे घंटी घेऊन उभी राहते का? वर-खाली चालूच आहे." आम्रपालीच्या पोटात आनंद मावेना. इतकी साधी युक्ती, आणि एक अख्खा आजोबा बदलला! वल्लरीला तिने सांगितलं, "माणसाचं मन ना, मशीन आहे मशीन. योग्य बटण दाबायला हवं." रणदिवे मॅडम हे वाक्य ऐकतील तेव्हा कशा मान हलवतील, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

*

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"भालेराव, घरात लग्न आहे का हो?"

साखर वाढली होती. थोडीथोडकी नाही, डॉक्टरांनी एकदम आवाज खाली आणावा इतकी. आम्रपाली खुर्चीत बसल्या बसल्या लहान होत गेली. इन्सुलिन सुरू करावंच लागेल, डॉक्टर म्हणाले. आजोबा म्हणाले, "नाही." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. दवाखान्याच्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसत होती. तरी बघत राहिले.

त्या संध्याकाळी आजोबा वाटी घेऊन निघाले, आणि त्यांच्यामागे अर्धा मजला ठेवून आम्रपाली निघाली. तपासनिसाच्या मागावर जायचं म्हणजे काय सोपी गोष्ट आहे? तिने चपला हातात घेतल्या होत्या.

चौथ्या मजल्यावर आनंदीबाईंनी दार उघडलं. "या की भालेराव, आज उशीर?" त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. कपात चहा आला, बशीत लाडू आला. तात्यांशी ज्वारीच्या भावापासून मेट्रोच्या कामापर्यंत बोलणं झालं. आजोबा उठले, तेव्हा बाईंनी वाटीत साखर घातली. चमचाभर. मग वाटीकडे बघून त्यांचा जीव कसनुसा झाला. "एवढ्या मोठ्या वाटीत एवढीशीच? रिकामीच दिल्यावानी दिसती." आणि त्यांनी वाटी शिऱ्याने भरली.

तिसऱ्या मजल्यावर बँकवाल्या बाई वाटच बघत होत्या. त्यांनी शिरा दुसऱ्या वाटीत काढून दिला (ती वाटी परत येताना भरून येईल, याची सोय) आणि पहिलीत श्रीखंड घातलं. दुसऱ्या मजल्यावर खारीचा पुडा आणि गुळाच्या दशम्या. जिन्यात बसून आजोबांनी थोडं थोडं करत ते सगळं संपवलं, कारण भरलेली वाटी घरी नेली तर शालनला कळलं असतं. शेवटी पहिल्या मजल्यावर जयसिंगकाकांचं दार. तिथे तरी काही नसेल असं आम्रपालीला वाटलं. काकांनी बाहेर येऊन बघितलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि खिशातून पेढा काढून आजोबांच्या हातावर ठेवला. "हमीपत्रावर सही केलीत, म्हणून," ते म्हणाले. "याची नोंद नाही."

आम्रपालीने हातातल्या चपला पायरीवर ठेवल्या.

रिकामी वाटी! अख्ख्या महाराष्ट्रात कुठल्याही घरातून रिकामी वाटी परत जाते का? शेजारणीची वाटी आली तर साखर नाही, निदान मूठभर शेंगदाणे तरी घालूनच द्यायची, हे तिला पहिलीपासून माहीत होतं. तिने स्वतः कितीदा आजीच्या सांगण्यावरून आनंदीबाईंची वाटी चिवड्याने भरून परत नेली होती. आणि तरीही तिने एका मधुमेही माणसाच्या हातात रिकामी वाटी देऊन त्याला दारोदार पाठवलं! मोह टाळायची वाट आखायला निघालेल्या बाईने मजल्यामजल्यावर मोहाचे थांबेच उभारले होते.

घरी न्यायालय बसलं. "तुला माहीत होतं?" आम्रपालीने आजीला विचारलं.

"मला काय ठाऊक!" आजी म्हणाली. मग पदर खोचत, "पण कोणी रिकामी वाटी धाडली असती ना, तर नावं मीच ठेवली असती."

"प्रयोग बंद," बाबा म्हणाले. "आणि अण्णा, तुमची सुई सुरू."

"नाही," आजोबा म्हणाले.

*

संस्थेत जायचा दिवस आला. आम्रपालीला जायचं नव्हतं. जीनियसने जाऊन काय सांगायचं? आजोबांना साखर खाऊ घालून आले? पण आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "शब्द दिलायस ना? मग जायचं. मी येतो. बसनेच जाऊ."

बसमध्ये त्यांनी दोन स्टॉपात एक विनातिकीट कॉलेजकुमार नुसत्या नजरेने पुढच्या दाराने उतरवला. अधिकार काही नव्हता. नजर मात्र रिटायर झालेली नव्हती.

संस्थेच्या गेटवर सुरक्षारक्षकाने अडवलं. "मुलीचं नाव आहे. तुम्ही कोण? पाहुणे की पालक? त्याशिवाय पास बनत नाही."

आजोबांनी शर्टाची कॉलर नीट केली. "मी प्रयोग आहे," ते म्हणाले.

रक्षकाने दोनदा विचारलं, शेवटी पासवर तसंच लिहिलं. छातीवर 'प्रयोग' अशी पट्टी लावून आजोबा आत शिरले.

रणदिवे मॅडम आपल्या खोलीत त्यांना घेऊन बसल्या. आम्रपालीने मान खाली घालून सगळं सांगितलं. वाटी, शिरा, खारी, पेढा, रिपोर्ट. तिला वाटलं, आता त्या चिडतील. मॅडम हसत सुटल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून त्यांच्या सहकारी डोकावल्या. "अगं, ऐकलंस का? रिकामी वाटी! आपण इतकी वर्षं फोनवर प्रश्न विचारतोय आणि वाटीबद्दल कोणी विचारलंच नाही!" मग त्या आम्रपालीकडे वळल्या. "तू हरलेली नाहीस. तुझा अंदाज चुकला, एवढंच. आमचे रोज चुकतात. पण त्या दिवशी मी तिसरी गोष्ट सांगितली होती, आठवते?"

आम्रपालीने मान हलवली. नाही.

"इच्छा कुणाची, ही ती गोष्ट." मॅडमनी खुर्ची वळवली. "काका, तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं असेल, काय करा आणि काय करू नका. मला ते नाही सांगायचं. तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न आम्रपालीने आजोबांना कधी विचारला नव्हता. बाबांनीही नाही, आईनेही नाही. आजोबांनी खिडकीकडे बघितलं. मग पहिल्यांदाच खिडकी सोडून समोर बघितलं.

"गोडाचं काही नसतं हो, ताई," ते म्हणाले. "माझा बाप गावात ताक मागायला जायचा, वाटी घेऊन. वाड्यावरची बाई वरून ओतायची. हात उंच धरून. आमच्या वाटीला त्यांचं भांडं लागू नये म्हणून. निम्मं ताक जमिनीवर पडायचं. मी बापाच्या मागे उभा असायचो. आता आनंदीबाई मला हाताला धरून आत नेते. आपल्या कपात चहा देते. माझी वाटी हातात घेऊन भरते, बोटं लावून, दाबून भरते. त्या वाटीला मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?"

दारात उभ्या असलेल्या त्या सहकारी बाई हळूच खाली बसल्या.

"आणि सुई?" मॅडमनी विचारलं.

"सुई लागली की माणूस पेशंट झाला. मग लोक दारातून विचारतात, बरे आहात ना? आत बोलवत नाहीत. उगाच त्रास नको, म्हणतात." आजोबा हसले. "पुन्हा दारात उभं राहायचं नाही मला."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, हे माझ्या एकाही प्रश्नावलीत नाही," त्या म्हणाल्या.

आम्रपाली आजोबांकडे बघत होती. रोज जेवताना शेजारी बसणारा हा माणूस. याच्या आत एवढी मोठी जागा होती? कितीही पायऱ्या चढून गेलं तरी याचा पत्ता लागला नसता! आणि ती म्हणत होती, मन म्हणजे मशीन, एक बटण. तिला स्वतःच्या त्या वाक्याची इतकी लाज वाटली की माइकचं स्वप्न आपोआप बंद पडलं. लाज ओसरली आणि मागे नुसतं नवल उरलं, आभाळासारखं. प्रत्येक माणसात हे असं असेल? जयसिंगकाकांतसुद्धा?

*

परत आल्यावर आजोबा वर गेले, या वेळी आम्रपालीला बरोबर घेऊन आणि हात हलवत. आनंदीबाईंनी दार उघडताच त्यांनी सांगून टाकलं, "चहा घेणार, कप भरून घेणार. पण साखर घालू नका. मला सुई लागायची वेळ आलीय."

आनंदीबाई तशाच आत वळून ओरडल्या, "ऐकलंत का? आता तरी सांगा की!"

संपततात्या पेपराआड गेले.

"ह्यांना कवापासनं सुई हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "सांगत न्हाईत कुणाला. कारल्याचं नाव घ्येत्यात! कारलं तर ताटात आलं की मलाच वाढत्यात."

"तात्या!" आम्रपाली ओरडली.

"बारीक असती गं," तात्या पेपरामागून म्हणाले. "मुंगी चावल्यावानी. सकाळी घ्यायची, दिवसभर हिंडायचं."

आजोबांनी तात्यांच्या हातातल्या कपाकडे बघितलं. "आणि सगळीकडे आत बोलवतात तुम्हाला?"

"न बोलावून जात्यात कुठं? रान माझं हाय!"

आनंदीबाई खो खो हसल्या. आजोबाही हसले. बिनसाखरेचा चहा त्यांनी तोंड वाकडं करत, पण शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. उतरताना दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. "आमू, त्या सुईचं... बघू," ते म्हणाले. आम्रपालीने कठडा घट्ट धरला. एवढ्या महिन्यांत आजोबांनी 'हो' आणि 'नाही' सोडून तिसरं काही म्हटलं नव्हतं.

आजोबा बाहेर बूट सोडत बसले. ती घरात शिरली तर स्वयंपाकघरात कट शिजत होता. आई नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरून आली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती. बाबा दबक्या आवाजात सांगत होते, "उद्या सकाळी नर्स येईल. अण्णांना सांगायचं, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आहे, अशक्तपणासाठी."

"आणि रोज?" आईने विचारलं.

"रोजच अशक्तपणा. एकदा सवय झाली की सांगू हळूच."

"बरोबर आहे. आधी टोचू, मग सांगू. आमू, तू काही बोलायचं नाहीस हं आजोबांना."

आम्रपालीने चपला काढल्या, दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली, आणि वक्तृत्व स्पर्धेतसुद्धा लागला नव्हता इतका शांत आवाज तिच्या गळ्यातून निघाला.

"नर्स येणार नाही. बी-ट्वेल्व्ह होणार नाही. उद्या शाळेआधी मी आजोबांबरोबर दवाखान्यात जाणार आणि सिस्टरकडून सुई द्यायला शिकणार. हो आई, मला रक्त बघून चक्कर येते, माहीत आहे. बसून शिकेन. आणि परवापासून रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून मी विचारणार, 'आजोबा, देऊ का?' ते हो म्हणाले तर देणार. नको म्हणाले तर चहा करणार, त्यांच्याबरोबर बसून पिणार आणि परत विचारणार. शाळेला उशीर झाला तर होईल. पण या घरात आजोबांना न विचारता आता कोणी काही करायचं नाही. मी ठरवलंय."